पृथ्वीप्रदक्षिणेचं भाडं

पृथ्वीला एक फेरी मारायची तर विमानभाडं किती पडतं, हे सांगू शकणारा पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत मी एकटाच होतो. अडचण एवढीच होती की हे मला कुणी विचारत नव्हतं.

नव्वदच्या दशकात पेणच्या बाजारपेठेत, पापड-पोह्यांच्या एका दुकानाशेजारी, माझं तिकिटांचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक फोन, तीन खुर्च्या आणि भिंतीवर एका विमान कंपनीचं कॅलेंडर. आठवड्यातून दोनदा मी पॅसेंजर पकडून रोह्याला जायचो आणि तिथल्या एका लॉजच्या खालच्या खोलीत बसायचो. गिऱ्हाईक बहुतेक आखाताचं. दुबई, मस्कत, कुवेत. जाणारा एकटा आणि सोडायला आलेलं अख्खं घर. ‘शेट, खिडकीची जागा द्या’ असं त्याच्याऐवजी त्याची आईच सांगायची, म्हणजे वरून घर दिसेल.

माझ्याकडे मुंबईहून आलेलं भाड्यांचं जाडजूड पुस्तक होतं. धंदा मंद असायचा, म्हणून मी ते वाचायचो. बायको म्हणायची, दुसऱ्याच्या प्रवासाचं पुस्तक वाचून तुम्हाला काय मिळतं? काही मिळत नव्हतं. पण त्या पुस्तकाच्या शेवटी जगप्रदक्षिणेच्या तिकिटाचं प्रकरण होतं आणि त्याची मला गोडी लागली होती.

ते प्रकरण साध्या भाषेत सांगतो. विमानाचं भाडं एसटीसारखं अंतरावर ठरतं, असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. मुंबईहून लंडन, मुंबईहून न्यूयॉर्क आणि मुंबईहून सिडनी अशी बिझनेस क्लासची तीन जाण्या-येण्याची तिकिटं वेगवेगळी काढली तर आकडा ऐकून माणूस बसतो तो उठत नाही. तीच तीन गावं एकाच प्रदक्षिणेच्या तिकिटात ओवली की खर्च निम्म्याच्या आसपास येतो. मात्र अटी असतात. फेरी एकाच दिशेनं घालायची, मागं वळायचं नाही. अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन्ही महासागर एकेकदा ओलांडायचे. जिथून निघालात त्याच देशात परत यायचं. तिकिटाच्या पुस्तिकेत एकामागून एक लाल कार्बनची कूपनं असतात, ती त्याच क्रमानं वापरायची. मधलं एक चुकवलंत की पुढची सगळी रद्दी. आणि तिकीट काढल्यापासून वर्षाच्या आत निघायचं, नाहीतर ते मेलं.

सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे, हीच फेरी मुंबईऐवजी कोलंबोहून सुरू केली तर बरीच स्वस्त पडायची. विमानं तीच, खुर्च्या त्याच, जेवणही तेच. मग कमी का? तर प्रत्येक गावच्या गिऱ्हाइकाला किती झेपेल ते बघून भाडं लावलेलं असतं. हे कळल्यावर मला वाटलं होतं की जगाचं एक मोठं गुपित हाती लागलं. ते सांगायची वेळ आयुष्यात एकदाच आली, आणि तेव्हाही ते कुणी मानलं नाही.

पहिलं जगप्रदक्षिणेचं तिकीट मी रोह्याच्या एका साहेबांना काढून दिलं. औद्योगिक वसाहतीत त्यांचा रंगरसायनाचा कारखाना होता. त्यांना गिऱ्हाइकांना भेटायला आधी जपान, मग जर्मनी, परत कोरिया आणि शेवटी अमेरिका असं जायचं होतं. मी म्हटलं, “साहेब, असं मागंपुढं चालत नाही. एकच दिशा.”

“पैसे मी देणार, आणि दिशा ते ठरवणार?”

“व्हय साहेब.”

ते माझ्यावर उखडले, मुंबईच्या दोन एजंटांना फोन लावून तेच ऐकलं आणि मग मुकाट्यानं पूर्वेकडून निघाले. परत आल्यावर मात्र माणूस खूश. मला त्यांनी विमानात फुकट मिळालेली एक निळी पिशवी भेट दिली. चेन लावलेली, आत पायमोजे, टूथब्रश आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी. बिझनेस क्लासची म्हणून मी आयुष्यात हाताळलेली वस्तू तेवढीच. पुढे तो कारखाना बंद पडला. साहेब मला शेवटचे दिसले ते रोहा स्टेशनवर, दिवा जंक्शनच्या पॅसेंजरची वाट बघत बाकावर बसलेले. मी ओळख दाखवली. त्यांनी मान फिरवली. राग नाही आला, वाईट वाटलं.

दुसरं आणि शेवटचं जगप्रदक्षिणेचं तिकीट नाना आणि काकूंचं.

नानांचा आमच्याच आळीच्या टोकाला गणपतीचा कारखाना. पेणमध्ये असे कारखाने घरोघर, पण नानांची आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटणं, वेगळीच. ते काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. कारखान्याशेजारी त्यांचं मोकळं आवार होतं. उन्हाळाभर तिथं फळ्यांवर मूर्ती वाळत असायच्या, आणि लहानपणी आम्ही पोरं तिथं क्रिकेट खेळायला गेलो की काकू हातातली रंग ढवळायची काठी घेऊन धावायच्या.

त्यांना तीन मुलं. लेक लंडनला, धाकटा सिडनीला आणि थोरला विनय अमेरिकेत, न्यूजर्सीला. लेक आणि धाकटा अधूनमधून यायचे. विनय येऊ शकत नव्हता. ज्या कंपनीनं त्याला नेलं होतं ती बुडाली, त्याचे कागद लटकले. देश सोडला तर परत आत घेणार नाहीत, म्हणून तो तिथंच अडकून राहिला होता. लग्न तिथं झालं, मुलगी तिथं झाली. आजी-आजोबांनी नातीला फोटोत पाहिलेलं.

एका उन्हाळ्यात नाना काठी टेकत ऑफिसात आले. पडून खुबा मोडल्यापासून त्यांचा डावा पाय वाकत नव्हता. खुर्चीत बसायचं तर पाय पुढं काठीसारखा ताठ. बसले आणि म्हणाले, “मधू, आमच्या देवानं आईबापाभोवती फेरी मारली आणि सगळं जग पालथं घातल्याचं पुण्य मिळवलं. आमच्या पोरांना तेवढंही जमायचं नाय. तवा आता आईबापच पोरांभोवती फेरी मारतो म्हणतायत. किती पडतील?”

अखेर हे मला कुणीतरी विचारलं होतं. मी पुस्तक उघडलं आणि हौसेनं सगळं समजावून सांगितलं. साध्या वर्गाचं भाडं आधी सांगितलं, कारण नानांना परवडेल असं तेच होतं. नानांनी पायाकडे बोट दाखवलं. “हा कुठं ठेवू? पुढच्या माणसाच्या मांडीवर?”

बरोबर होतं. त्या पायानं साध्या खुर्चीत अर्धा तास निघाला नसता, इथं तर रात्र रात्र बसायचं. मग बिझनेस क्लासचा आकडा सांगितला. मी लगेच म्हटलं, “काकूंचं साधं काढू. एकाच विमानात, फक्त मागच्या बाजूला. मध्ये पडदा असतो एवढंच.”

दुसऱ्या दिवशी नाना काकूंना घेऊन आले. त्या म्हणाल्या, “मी बसन मागं. मला काय झालंय?”

“जल्मभर कारखान्यात माझ्या पाठीमागं बसून रंग कालवलेस,” नाना म्हणाले. “आता इमानात पन पाठीमागं? नाय. दोघांचं एकसारखं काढ, मधू.”

तेव्हा मी माझं गुपित बाहेर काढलं. कोलंबोहून निघालात तर चांगलीच बचत होईल. मुंबई ते कोलंबो वेगळं तिकीट, पुढची फेरी तिथून. नानांनी ऐकून घेतलं आणि हसायला लागले. “अरे, लंकेत जाऊन परवासाला सुरुवात करनारा एक तरी शाना बघितलास का तू?”

“भाड्यासाठी हो नाना. नाहीतर काही नाही.”

काकू मात्र हसल्या नाहीत. “निघायचं ते आपल्या उंबऱ्यावरून. दिवस बघून, देवाला सांगून. तिकडं परक्या मुलखात कोन आपलं? पैसे वाचतील, पन निघालो असं वाटंल का?”

मी पुन्हा समजावलं नाही. गिऱ्हाइकानं नको म्हटलं की सोडून द्यायचं, हा या धंद्याचा शिरस्ता. मुंबईहूनच तिकीट ठरलं. पश्चिमेकडून निघायचं. लंडन, न्यूयॉर्क, तिथून लॉस एंजेलिसवरून सिडनी, मग सिंगापूर आणि घर. पैशासाठी नानांनी कारखान्याशेजारचं आवार विकलं. मी म्हटलं, “नाना, मूर्ती कुठं वाळवाल?” ते म्हणाले, “आल्यावर बघू. विनयच्या पोरीला एकदा मांडीवर घेऊ दे.”

अमेरिकेचा व्हिसा मिळेल की नाही याची मला धास्ती होती, पण दोघांनाही मिळाला. श्रावणात आवाराचे पैसे आले आणि भाडं वाढणार अशी कुणकुण होती म्हणून मी तिकिटं तेव्हाच काढून घेतली. निघायचं मात्र दसऱ्यानंतर, गणपतीचा हंगाम आटोपून. तिकिटं द्यायला गेलो तेव्हा साहेबांची ती निळी पिशवीही नेली. म्हटलं, “काकू, हे असं मिळतं तिथं फुकट.” त्यांनी डोळ्यांची पट्टी उलटीसुलटी करून बघितली. “डोळे आखनाऱ्याला डोळे झाकायची पट्टी देतात व्हय,” एवढंच म्हणाल्या आणि पिशवी ठेवून घेतली.

विमान दसऱ्यानंतर आठवड्याभरानं होतं. पण दसऱ्याचा मुहूर्त सोडायचा कसा? म्हणून काकूंनी प्रस्थान ठेवलं. हल्ली हे कुणाला ठाऊक नसतं म्हणून सांगतो. चांगल्या दिवशी प्रत्यक्ष निघता येत नसेल तर प्रवासाच्या वाटेवरच्या एखाद्या घरी आपल्या सामानातलं काहीतरी नेऊन ठेवायचं. त्या दिवशीच आपण निघालो असं धरतात. मग जायच्या दिवशी वाटेत ते उचलायचं आणि पुढं जायचं. ठेवलेलं प्रस्थान घरी परत आणायचं नाही, आणि ज्याचं त्यानंच उचलायचं.

नानांची बहीण हमरापूरला दिलेली होती, मुंबईच्या वाटेवरच. दसऱ्याला तिच्याकडे गाठोडं गेलं. त्यात तांदूळ, सुपारी, नानांचा आखणीचा कुंचला, माझी निळी पिशवी आणि दोन्ही तिकिटं. तिकिटं ठेवल्याचं ऐकून मी धावत गेलो. “काकू, तिकीट म्हणजे नोटा आहेत. हरवलं तर?”

“आत्याच्या देवघरात हाय. देवघरातनं काय हरवत नाय.”

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी नाना कारखान्यात स्टुलावर बसलेले असताना गेले. हृदय बंद पडलं. समोर कुणाच्या तरी नवसाची मूर्ती होती, तिचा एक डोळा झाला होता.

लेक आणि धाकटा धावत आले. विनय येऊ शकला नाही. त्याचा फोन माझ्या ऑफिसात यायचा, कारण घरी फोन केला की आई रडायची आणि त्याला बोलता यायचं नाही. तो म्हणायचा, “काका, आईला तरी पाठवा.” मी म्हणायचो, बघतो.

तेराव्यानंतर लेक माझ्याकडे आली. हिशेबी, शहाणी मुलगी. तिनं विचारलं, पैसे परत मिळतील का? मी म्हटलं, सगळे मिळतील. माणूस गेल्याचा दाखला जोडला की कंपनी कापूनही घेत नाही. फक्त मूळ कूपनं हवीत. आम्ही दोघं हमरापूरला गेलो. आत्या देवघराच्या दारात उभी राहिली. “ज्यानं ठेवलं त्यानं न्यावं. वयनीला घेऊन या.”

काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, “प्रस्थान मागं नाय आनायचं. मला विनयकडे जायचं हाय.”

हे ऐकून मला बरंच वाटलं, खोटं का बोलू. म्हटलं, जाऊ द्या, त्यांचं तिकीट चालू आहे. नानांच्या तिकिटाचं बघू. पण दोन्ही एकाच गाठोड्यात, आणि गाठोडं उचलायचं ते निघतानाच. मग लेकीनं तोड काढली. तिकीट हरवलं असं लिहून दिलं तरी उशिरानं का होईना पैसे मिळतात. मी कागद तयार करून सहीसाठी नेला. काकूंनी वाचून घेतला.

“हरवलं असं लिवलंय.”

“तसं लिहायची पद्धत आहे, काकू.”

“हरवलं नाय. कुठं हाय ते मला ठाऊक हाय.”

लेक चिडली, रडली आणि लंडनला परत गेली. मी काकूंना म्हटलं, “मग तुम्ही लवकर निघा. लेकीच्या घरी उतरा, तिथून विनयकडे. मी सोबत शोधून देतो.” त्या म्हणाल्या, “वर्षश्राद्ध होऊ दे. वर्षाच्या आत मी त्यांचं घर टाकून समुद्रापार कशी जाऊ? दिवा कोन लावील?”

मी बोटं मोजली तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिकीट श्रावणातलं होतं. नाना आश्विनात गेले. तिकिटाचं वर्ष श्रावणात संपणार आणि काकूंचं वर्ष आश्विनात. दोन्ही वर्षंच. पण एक दुसऱ्याच्या आधी सुरू झालेलं.

मी त्यांना हे सांगितलं. एकदा नाही, अनेकदा. त्या ऐकायच्या आणि म्हणायच्या, “तू सांग त्यांना. मानसं हायत, समजतील.” म्हणून मी लिहीत राहिलो. विमान कंपनीच्या मुंबईतल्या कचेरीत खेपा घातल्या. काउंटरवरची बाई चांगली होती. तिनं मुदतवाढीचा अर्ज वर पाठवला, वरून आणखी वर गेला, कुठल्याशा परदेशी शहरात. पावसाळ्यात उत्तर आलं. भाड्याच्या या प्रकारात मुदतवाढ नाही. आजारपणाला काही सवलत होती. शोकाला नव्हती.

मी कारखान्यात जाऊन काकूंना सांगितलं. त्या वर्षी मूर्ती थोड्याच केल्या होत्या. वाळवायला जागाच नव्हती, बाजूला पाया खणून ठेवला होता आणि त्यात पाणी भरलं होतं. काकूंनी पाण्याकडे बघत विचारलं, “मधू, इमानवाल्यांच्यात कुनी मरत नाय काय रे?”

शेवटचे थोडे दिवस उरले होते. मी हात जोडून म्हटलं, “काकू, उद्या निघा. नाहीतर गाठोडं तरी आणू द्या, पैसे तरी वाचतील.” त्यांनी मान हलवली. “त्यांचा कुंचला हाय त्यात. ते निघालेत. मी त्यांना परत घरी आनू?” श्रावण संपला आणि तिकिटंही संपली. आश्विनात वर्षश्राद्ध झालं. त्यानंतर काकू पुन्हा कधी प्रवासाचं बोलल्या नाहीत, मला भेटल्या की पोराबाळांची चौकशी करायच्या. दोन वर्षांनी त्या गेल्या. विनयचे कागद त्याच्यानंतर झाले.

दशक संपता संपता तो आला. केस पांढरे, अंगावर जाडसं जॅकेट, घामानं भिजलेला. हमरापूरला आत्याच्या पाया पडून थेट माझ्या ऑफिसात आला होता. आत्यानं त्याला गाठोडं दिलं होतं. ज्याचं त्यानंच उचलायचं, पण उचलणारं आता कुणी उरलं नव्हतं. त्यानं ते टेबलावर सोडलं. तांदळाला पोरकिडे लागून पीठ झालं होतं. कुंचला होता. निळी पिशवी होती. तिकिटांवरचा कार्बन उडाला होता, पण नावं वाचता येत होती.

त्यानं कूपनं एकेक उलटली. न्यूयॉर्कच्या कूपनावर थांबला.

“काका, तेव्हा हे किती पडलं होतं?”

साऱ्या जिल्ह्याला भाडी सांगणारा मी. आकडा तोंडपाठ होता, तरी मी उलट त्यालाच विचारलं, “नाना काय बोलले होते तुला?”

“फोनवर म्हणाले, मधू ओळखीचा आहे, अगदी स्वस्तात देतोय. तू काळजी करू नको.”

मी ऑफिसला कडी घातली आणि त्याला आळीच्या टोकाला घेऊन गेलो. कारखान्याला कुलूप होतं. शेजारी चार मजली इमारत उभी होती, गॅलऱ्यांतून कपडे वाळत होते. तो गेला तेव्हा तिथं उघडं आवार होतं. तो आठवून बघत होता, मला दिसत होतं. फळ्या, मूर्ती, काठी घेऊन धावणारी आई.

मी इमारतीकडे बोट केलं. “एवढं पडलं.”

तो गाठोडं पोटाशी धरून मजल्यांकडे बघत राहिला. वरच्या गॅलरीतली बाई आमच्याकडे बघायला लागली तरी हलला नाही.

“स्वस्तात म्हणाले होते,” तो म्हणाला.